घाम, आग आणि बंबवाल्याचा कोट

उन्हाळ्यात माठातले पाणी गार असते. का बरे?

माठाच्या अंगाला बारीक बारीक छिद्रे असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतून पाणी पाझरते आणि माठ बाहेरून ओला होतो. ही ओल वाऱ्याने सुकते. सुकते म्हणजे पाण्याची वाफ होऊन ती हवेत जाते. जाताना ती माठातली उष्णता बरोबर नेते. म्हणून आतले पाणी गार होते.

तेच पाणी स्टीलच्या पिंपात ठेवा. ते तसे गार होत नाही. पिंप पाझरत नाही ना!

आपले शरीरही माठासारखेच आहे. आपल्या कातडीलाही बारीक छिद्रे आहेत. त्यांतून घाम येतो. घाम सुकतो आणि अंग गार होते. घाम आला की आपल्याला नकोसे वाटते. पण घाम हा आपला मित्र आहे. तो नसता, तर उन्हात काम करणारा माणूस तासाभरात आडवा झाला असता.

पण माठावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली तर? माठ पाझरेल, पण ओल सुकणार नाही. पाणी गार होणार नाही. आग विझवणाऱ्या बंबवाल्याचे तसेच होते. त्याच्या अंगावर जाड कोट असतो. तो कोट त्याला आगीपासून वाचवतो. पण तोच कोट त्याचा घाम आत कोंडतो. या धड्यात आपण त्या कोटाची आणि त्या घामाची माहिती घेऊ.

अंगातली ऊब कुठून येते?

थंडीच्या दिवसांत लाकडे फोडणारा माणूस पाहा. थोड्या वेळात तो अंगावरची घोंगडी टाकून देतो. त्याच्या कपाळावर घाम येतो. बाहेर थंडी असते, मग ही ऊब कुठली?

ती त्याच्या अंगातली असते. आपण भाकरी खातो. भाकरीतून शक्ती मिळते. पण त्या शक्तीचा थोडाच भाग कामाला लागतो. शंभरातला पंचाहत्तर भाग, कधी त्याहूनही जास्त, नुसती उष्णता होतो. जितके जड काम, तितकी जास्त ऊब.

निरोगी माणसाच्या अंगाचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते. थर्मामीटरच्या जुन्या मापाने ते ९८.६ भरते. ते दोन अंशांनी वाढले, तर माणसाची शक्ती जाते. तीन अंशांनी वाढून ४० अंशांच्या वर गेले, तर जिवावर बेतते. म्हणून शरीर ही जास्तीची ऊब घामावाटे बाहेर टाकते.

घामाची ताकद केवढी आहे पाहा. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला, तर तो केवढी उष्णता नेतो? सात लिटर साधे पाणी चुलीवर ठेवून उकळी आणायला जेवढी लागते, जवळजवळ तेवढी!

पण इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. घाम अंगावर सुकला तरच अंग गार होते. घाम नुसता ओघळून खाली पडला, किंवा सदऱ्यात मुरून राहिला, तर त्याचा फारसा उपयोग नाही. अंगातले पाणी मात्र फुकट जाते.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या माणसाला हे ठाऊक आहे. तिथे हवा दमट असते. घाम येतो, पण सुकत नाही. अंग चिकचिकते. विदर्भात ऊन जास्त असते. पण उन्हाळ्यात हवा कोरडी असते, म्हणून घाम लवकर सुकतो. तिथे पुष्कळदा घाम आलेला कळतही नाही.

कोटाचे तीन थर

पूर्वी अनेक देशांत बंबवाले जाड लोकरीचा कोट घालत. लोकर चटकन पेट घेत नाही. आपले धनगरही हे जाणतात. पण लोकर पाणी पिते. ओली झाली की फार जड होते.

पुढे नवे धागे निघाले. १९६० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने नोमेक्स नावाचा धागा बाजारात आणला. हा धागा वितळून अंगाला चिकटत नाही. फार तापला तर तो काळवंडतो आणि जाड होतो. आगीतून काढला की त्याची ज्योत विझते.

आज चांगल्या प्रतीचा कोट तीन थरांचा असतो.

पहिला, बाहेरचा थर. हा ज्वाळा झेलतो. तो फाटू नये म्हणून चिवट असतो.

दुसरा, मधला थर. हा पाणी अडवतो. नळीचे पाणी अंगावर उडते, ते आत जाऊ नये म्हणून हा थर असतो.

तिसरा, आतला थर. हा गोधडीसारखा असतो. त्यात हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णतेला लवकर पुढे जाऊ देत नाही. दोन पातळ गोधड्या एका जाड गोधडीपेक्षा जास्त ऊब देतात, ते याच कारणाने.

कोट, विजार, बूट, शिरस्त्राण, हातमोजे, आणि पाठीवर हवेचे नळकांडे. सगळे मिळून वीस किलोच्या वर ओझे होते. धान्याचे अर्धे पोते पाठीवर घेऊन जिना चढायचा, आणि तेही पेटलेल्या घरात! पेटलेल्या खोलीत छताजवळ ६०० अंशांहूनही जास्त उष्णता असू शकते. पाणी उकळते ते १०० अंशांना. यावरून कल्पना करा.

मधल्या थराची युक्ती

मधला थर रबराचा केला तर? पाणी आत येणार नाही हे खरे. पण घामाची वाफही बाहेर जाणार नाही. माणूस पिशवीत बांधल्यासारखा होईल. पूर्वी असे कोट होते.

मग असे कापड कुठून आणायचे, जे बाहेरचे पाणी अडवील आणि आतली वाफ सोडील?

१९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी एक शोध लावला. टेफ्लॉन नावाचा पदार्थ आहे. भाजी चिकटू नये म्हणून तव्याला ज्याचा लेप देतात, तोच हा. गोर यांनी त्याची तापवलेली कांब एकदम हिसका देऊन ताणली. ती तुटली नाही. ती लांब झाली आणि तिच्यात अगणित बारीक छिद्रे पडली. ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पट लहान असतात. म्हणून थेंब आत शिरू शकत नाही. पण वाफेचे कण थेंबाहून कितीतरी लहान असतात. ते या छिद्रांतून बाहेर जातात.

चाळणीचे उदाहरण घ्या. पीठ खाली जाते, कोंडा वर राहतो. तसेच हे.

असा पातळ पडदा पुढे बंबवाल्यांच्या कोटात घालू लागले. अमेरिकेत २००० सालापासून कोटाच्या कापडाची एक नवी परीक्षा सुरू झाली. एक सपाट पाटा तापवतात. त्यातून घामासारखे पाणी पाझरत ठेवतात. त्यावर कोटाचे कापड पसरतात. मग कापडातून किती उष्णता बाहेर जाते, ते मोजतात. म्हणजे कापड आग किती अडवते, एवढेच पाहायचे नाही. ते घामाला वाट किती देते, हेही पाहायचे.

तरीसुद्धा तीन थरांतून वाफ हळूहळूच जाते. जड काम करणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर, कधी त्याहून जास्त घाम येतो. तेवढा घाम कोटातून सुकत नाही. बराचसा आतच राहतो. कोट कितीही चांगला असो, ही अडचण पुरती सुटलेली नाही.

ओले फडके आणि गरम तवा

घरातल्या बायांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. चुलीवरचा तवा कोरड्या फडक्याने धरावा. ओल्या फडक्याने धरला तर हात भाजतो. कारण पाण्यातून उष्णता लवकर पुढे जाते. शिवाय पाण्याची वाफ होते, आणि वाफेचा चटका फार वाईट. भाताचे झाकण काढताना हाताला वाफ लागली, तर लगेच फोड येतो.

आता बंबवाल्याचा विचार करा. त्याचा कोट बाहेरून आगीने तापतो. आतून तो घामाने ओला झालेला असतो. म्हणजे कोरड्या फडक्याचे ओले फडके झाले! ज्वाळा अंगाला न लागताही अशा वेळी कातडी भाजू शकते. जिथे नळकांड्याचा पट्टा खांद्यावर दाबतो, जिथे गुडघा जमिनीला टेकतो, तिथे धोका जास्त. तिथे थरांमधली हवा दाबून निघून जाते.

म्हणून बंबवाल्यांनी पाळायचे काही नियम आहेत.

कोटाच्या आत नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा सदरा घालू नये. तो उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. सुती किंवा आगीला टिकणाऱ्या कापडाचा सदरा घालावा. सुती कापड वितळत नाही. पण ते घाम धरून ठेवते. म्हणून कोट काढल्यावर भिजलेला सदरा बदलावा.

ओला कोट घालून पुन्हा आगीत जाऊ नये. शक्य असेल तर दुसरा कोरडा कोट घ्यावा.

काम संपल्यावर कोट धुवावा, आणि स्वतःही साबणाने अंघोळ करावी. धुरात विषारी द्रव्ये असतात. ती काजळीबरोबर अंगावर बसतात. तापलेल्या, घामेजलेल्या कातडीतून त्यांतली काही जास्त सहज आत शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली आग विझवण्याच्या कामाला कर्करोग होऊ शकणाऱ्या कामांत घातले आहे. काजळलेला कोट ही शौर्याची खूण म्हणून मिरवायची वस्तू नव्हे.

आत्या आणि भाचा

एका गावचा मुलगा शहरात बंबवाला आहे. तो सुट्टीवर गावी आला आहे. त्याची आत्या त्याला प्रश्न विचारते.

आत्या : एवढा जाड कोट घालतोस, मग तुला आग जाणवतच नसंल रे बाळा.

भाचा : आग बाहेर राहते गं आत्या. पण घाम आत राहतो. दहा मिनिटांत अंग चिंब होतं.

आत्या : मग गुंड्या सोडायच्या की थोड्या! वारा लागंल.

भाचा : आगीजवळ तसं करायचं नाही. गुंडी सुटली की गरम हवा आत शिरते. पण आगीतून लांब आलो, की पहिलं काम कोट काढायचं.

आत्या : परवा शेजारच्या गावात कडब्याच्या गंजी पेटल्या. बंब आला. काही वेळानं दोघं बंबवाले कोट काढून आंब्याखाली बसले. हात बादलीत घालून! लोक लई चिडले. ‘आमची वैरण जळतीया आन् हे पाहुण्यासारखे बसलेत,’ म्हणाले. एकजण तर अंगावर धावून गेला.

भाचा : आत्या, ते आराम करत नव्हते. ते अंग गार करत होते. कामाचा तोही एक भागच आहे.

आत्या : हात बादलीत घालून कसं काय अंग गार होतं?

भाचा : हातात रक्ताच्या शिरा कातडीच्या अगदी जवळ असतात. कोपरापर्यंत हात गार पाण्यात ठेवले, की ते रक्त गार होतं. तेच रक्त सगळ्या अंगात फिरतं. पंधरा-वीस मिनिटांत चांगला फरक पडतो. आणि काम थांबवल्यावरही आतली ऊब थोडा वेळ वाढतच असते. म्हणून नुसतं उभं राहून भागत नाही.

आत्या : आन् नाही बसलं तर?

भाचा : चक्कर येते. डोकं चालत नाही. जिथं जायचं तिथं न जाता भलतीकडेच माणूस जातो. मग एकाला वाचवायला गेलेला दुसऱ्याला वाचवावा लागतो.

आत्या : खरं सांग, तुला आगीची भीती वाटते का?

भाचा : आग दिसते गं. आपलं डोकं गरगरायला लागलं, ते मात्र आपल्याला लवकर कळत नाही. सोबत्याला कळतं. म्हणून आत एकट्यानं जायचं नाही. दोघं दोघं जायचं. सोबती म्हणाला ‘बाहेर चल’, तर वाद न घालता बाहेर यायचं.

आत्या : पाणी तरी पितोस ना वेळेवर?

भाचा : तहान लागायच्या आधीच पितो. तहान उशिरा लागते. तोवर अंगातलं पाणी बरंच गेलेलं असतं.

आत्या : बरं बाबा. आता कुणी तुम्हांला बसलेलं पाहून बोललं, तर मी सांगीन त्याला.

खरा शत्रू कोणता?

आपल्याला वाटते, बंबवाला मरतो तो आगीत भाजून. पुष्कळदा तसे नसते. अमेरिकेत याचा अभ्यास झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. कामावर असताना जे बंबवाले मरण पावले, त्यांतील शंभरातले सुमारे ४५ हृदयविकाराने गेले होते.

याची कारणे अनेक आहेत. पण उष्णता आणि घाम यांचाही त्यात हात असतो. घाम गेला की रक्तातले पाणी कमी होते. रक्त दाट होते. कातडीकडेही रक्त पाठवायचे, आणि काम करणाऱ्या हातापायांकडेही. हृदयाला दुप्पट धावावे लागते. मोटेच्या बैलाला विसावा न देता हाकत राहावे, तसे होते.

१४ एप्रिल हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. बंबवाले आग विझवत असतानाच मोठे स्फोट झाले. त्यात मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्या स्फोटापुढे कोणताही कोट टिकला नसता. पण घामाचे आणि उष्णतेचे मरण तसे नाही. ते पुष्कळदा टाळता येते. त्याला सावली, पाणी, कोरडा सदरा आणि थोडा विसावा लागतो. या गोष्टी गावातही मिळतात.

गावाने काय करावे?

आग लागली की १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. बंबाची वाट मोकळी ठेवावी. विहीर किंवा तळे कुठे आहे ते दाखवावे.

आगीपासून लांब, वाऱ्याच्या अंगाला, म्हणजे धूर येणार नाही अशा बाजूला सावलीची जागा करावी. तिथे पिण्याचे स्वच्छ पाणी ठेवावे. हात बुडवायला गार पाण्याच्या दोन-चार बादल्या भरून ठेवाव्यात. बसलेल्या बंबवाल्याला टाकून बोलू नये.

कोणाला चक्कर, मळमळ, पेटके किंवा डोकेदुखी होत असेल, तर त्याला सावलीत न्यावे. कोट, बूट काढावेत. थोडे थोडे पाणी पाजावे. तो असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. घाम येतो आहे म्हणजे धोका नाही, असे समजू नये. जड काम करणाऱ्याला उष्माघात झाला, तरी घाम येत असू शकतो.

हे ज्ञान आपल्याही कामाचे आहे. पिकावर औषध फवारताना अंग झाकणारे कपडे घालावे लागतात. भर दुपारी ते सोसवत नाहीत, म्हणून लोक ते काढून टाकतात. तसे करू नका. कपडे काढू नका, वेळ बदला. सकाळी लवकर फवारा. ऊस तोडणाऱ्याने, वीटभट्टीवरच्या मजुराने पहिल्याच दिवशी अंगमोड काम करू नये. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. आणि चुलीपाशी नायलॉनची साडी नको. सुती साडी बरी, पण तिचाही पदर खोचलेला असावा.

लक्षात ठेवा

१. घाम सुकला तरच अंग गार होते.
२. कोट आग अडवतो, पण घामही अडवतो.
३. आतून ओला झालेला कोट भाजू शकतो.
४. तहान लागण्याआधी पाणी प्यावे.
५. आगीतून आल्यावर विसावा घेणे हा कामाचाच भाग आहे.

शब्दांचे अर्थ

बंबवाला – अग्निशमन दलाचा जवान
शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारी टोपी
नळकांडे – श्वासासाठी हवा भरलेली टाकी
उष्माघात – अंगातली उष्णता फार वाढून होणारा आजार

करून पाहा

दोन्ही हात पाण्याने ओले करा. एका हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि मनगटाशी बांधा. दुसरा हात उघडा ठेवा. दोन्ही हात वाऱ्यावर धरा. कोणता हात गार लागतो? का?

प्रश्न

१. माठातले पाणी गार होते, पिंपातले होत नाही. याचे कारण सांगा.
२. बंबवाल्याच्या कोटाचे तीन थर कोणते? प्रत्येकाचे काम काय?
३. गरम तवा ओल्या फडक्याने का धरू नये?
४. बंबवाले बादलीत हात का बुडवतात?
५. तुमच्या गावात आग लागली, तर बंबवाल्यांसाठी तुम्ही काय तयारी कराल? पाच वाक्ये लिहा.